घासायचं राहिलेलं नाणं

दादा,

बाबांची चांदीची नाणी बघून व्यापारी चक्क हसला. गिऱ्हाइकाला बरी दिसावीत म्हणून तू ती टूथपेस्टने घासलीस! शंभर वर्षांत चढलेला काळपट रंग गेला, त्याबरोबर किंमतही. शेवटी मोडीच्या भावात विकून आले. धन्य तुझी अक्कल.

बाबा नाणं कडेनेच उचलायचे, कधी पुसायचेसुद्धा नाहीत. चाळीस वर्षं समोर बसून तू पाहिलंस तरी काय?

आठवण म्हणून एकेक ठेवायचं ठरलं होतं. तुझं चकचकीत टेबलावर ठेवलंय, त्यात तोंड बघ.

मी ते काळंकुट्ट नेतेय, जे घासायचा कंटाळा आला म्हणून तू डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारलंस. सगळ्यांत दुर्मिळ तेच होतं. तुझ्या आळसाचे आज पहिल्यांदाच उपकार मानते.