रायफलची चावी

१४ जानेवारी २००६, शनिवार
निर्णय पक्का. लिव्हर-ॲक्शन रायफल घेणार. ओटाहुहूच्या बंदुकांच्या दुकानात आज हातात घेऊन पाहिली. अक्रोडाचा दस्ता, खाली लिव्हर. ओढली की खटाक. दुकानदार म्हणाला, लायसन आण आणि घेऊन जा, तोवर बाजूला ठेवतो. एप्रिलमध्ये ऑफिसातला गॅरी हरणांच्या शिकारीला नेणार आहे.
बायको अस्मिता जाताना म्हणाली होती, तू एकही गोष्ट तडीस नेत नाहीस. आता बघ म्हणावं. (घरामागचा अर्धवट लाकडी डेक धरायचा नाही. तिथे पाऊस आडवा आला.) बायको शाकाहारी आहे, पण मुद्दा हरणाचा नाही.

१५ जानेवारी
नोंद असावी म्हणून: अस्मिता आणि मुलगी ओवी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बनीला राहतात ते केवळ ट्रॅफिकमुळे. अस्मिताचं ऑफिस तिकडे. इथून, बॉटनी डाउन्सहून, रोज मोटरवेने जायचं म्हणजे जिवाचे हाल. ओवीची शाळाही आता तिकडेच घेतली, सोयीचं पडतं. फक्त बससाठीच्या वेगळ्या रस्त्याचं, बसवेचं, काम चालू आहे. ते झालं की येतीलच.

११ फेब्रुवारी, शनिवार
लायसनची लेखी परीक्षा पास. एकही चूक नाही. अस्मिताला टेक्स्ट केला. उत्तर आलं, ‘गुड फॉर यू’. म्हणजे कौतुकच.
ओवीला फोनवर रायफलचं सगळं मराठीत समजावलं. ती म्हणाली, बट व्हाय, बाबा? वयच तसं असतं.

२५ फेब्रुवारी
रायफल ठेवायचं पोलादी कपाट आणलं. ते भिंतीला बोल्ट करावं लागतं. बेडरूमच्या वॉर्डरोबमध्ये अस्मिताच्या बाजूला बसवलं. तिकडे सध्या जागा आहे. सगळे बोल्ट लावले. तडीस!
नियम असा, की चावी कुठे आहे हे घरात दुसऱ्या कोणालाही कळता कामा नये. हे कठीण. अस्मिताला सगळं सापडतं. माझ्या सिगरेटी तिने तांदळाच्या डब्यातून काढल्या होत्या. चावी आधी डाळीत ठेवली, मग देव्हाऱ्यात गणपतीमागे. पण तिथे ती रोज फुलं बदलते. बदलायची. शेवटी गॅरेजमध्ये, मी बांधायला घेतलेल्या कयाक होडीत टाकली. तिकडे कोणी फिरकत नाही.

७ मार्च, संध्याकाळी ६
पोलिसांतर्फे लायसनच्या चौकशीला ग्रॅहम येऊन गेले. हसतमुख गृहस्थ. चहा दिला, आलं घालायचं विसरलो. जोडीदाराशीही बोलावं लागतं म्हणाले, तशी पद्धतच आहे. म्हटलं, खुशाल बोला, हा नंबर. ट्रॅफिकमुळे सध्या ती अल्बनीला असते. त्यांनी वॉर्डरोबमध्ये डोकावून बराच वेळ पाहिलं. कपाट आवडलं असावं.

१६ मार्च, गुरुवार
ग्रॅहमचा फोन. अस्मिता फार चांगलं बोलली म्हणे. शांत माणूस आहे, कधी आवाज चढवला नाही, मुलीवर जीव आहे, बंदूक त्याच्याकडे सुरक्षित राहील. लग्नानंतर एवढं माझ्या तोंडावर ती कधीच बोलली नव्हती.
मग ग्रॅहम म्हणाले, तिने एकच दुरुस्ती सांगितली. ती जोडीदार आहे असं नाही, होती. संसार नुकता मोडला असेल तर आम्ही सहा महिने थांबायला सांगतो.
मी म्हटलं, मोडलेला नाही हो, मोटरवेचा प्रश्न आहे.
लगेच अस्मिताला फोन लावला. बसवेचं काम कुठवर आलं, ते विचारलं.
ती हळूच म्हणाली, “देवव्रत, मी ट्रॅफिकमुळे नाही रे गेले.”
मला रडू आवरेना. तीही रडली. किती दिवसांनी आम्ही काहीतरी बरोबर केलं.

१ एप्रिल, शनिवार
गॅरी शिकारीला गेला. ओटाहुहूच्या दुकानदाराला फोन करून सांगितलं, रायफल नको, दुसऱ्याला दे. तो म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे काही हरकत नाही.
दुपारी चावी काढून कपाट उघडलं. आत नव्या रंगाचा वास. वॉर्डरोबच्या कोपऱ्यात ओवीची एक जुनी जँडल, रबरी चप्पल, सापडली. दुसरी नाही मिळाली. एकच आत ठेवली, कुलूप लावलं.
सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करणार. तोवर डेक पुरा करायचा, नक्की.
मग नियमाप्रमाणे चावी लपवायला निघालो. डाळीचा डबा पाहिला, देव्हारा पाहिला, घरभर फिरलो. शेवटी टेबलावरच ठेवून दिली.