नो मेतास ला मानो

सर,

ड्रिलचा जिग, वेल्डिंगची फिक्स्चर, कानशीनं घासून बसवलेली प्रेसची डाय, घरचा लोखंडी पलंग आणि तुमच्या निगडीच्या बंगल्याचं फाटक, एवढं मी स्वतःच्या हातानं बनवलंय. स्पॅनिशही त्यातच धरा. तुमच्या वर्गात एक पावसाळा टिकलो. बाकीची मशीनच्या मॅन्युअलवरून शिकलो.

त्या संध्याकाळी तुम्ही मनाई कशी करायची ते शिकवत होता. आधी ‘नो’, मग शेवटचा स्वर फिरवायचा. ‘आर’वाल्या क्रियापदाला ‘ए’, ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना ‘आ’. आब्लार म्हणजे बोलणं. बोलू नकोस, नो आब्लेस. कोमेर म्हणजे खाणं; खाऊ नकोस, नो कोमास. माझ्या वाट्याला मेतेर आलं, आत घालणं. मी म्हणालो, “नो मेते ला मानो.” तुम्ही चष्मा काढता. “फिटरसाहेब, तो हात घालत नाही, ही बातमी झाली. ताकीद द्या की. कारखान्यात बोटं अशीच जातात वाटतं?” वाकडची आयटीतली पोरं हसतात. मग तुम्ही मला उभं करता आणि सराव म्हणून एकेकाला माझ्यावर हुकूम सोडायला लावता. नो आब्लेस. नो कोमास. एक मुलगी चुकते, तिला तुम्ही ‘बाळ’ म्हणून सुधारता.

यंदा खंडेनवमीला चाकणच्या आमच्या कंपनीत स्पेनहून आलेल्या जुन्या प्रेसची पूजा होती. पूजेला मशीन मेलेलं नको, म्हणून पोरांनी मेन स्विच चालूच ठेवलेला. प्रेस बसवायला आलेला स्पॅनिश इंजिनिअर टिळा लावून झेंडू घेऊन उभा. “साहेब, आत ठेवा, आत,” ऑपरेटर खुणावत होता. तो वरून आदळणाऱ्या डायखाली वाकला आणि गर्दीत कुणाचा तरी पाय प्रेस सोडायच्या पेडलवर जाताना मला दिसला. “नो मेतास ला मानो!” त्यानं हात ओढला. झेंडूचा चोथा झाला. त्यानं विचारलं, कुणी शिकवलं? म्हटलं, कुणी नाही.

तुम्ही जाऊन तप उलटलं. प्रेसची ती गोष्ट ऐकून दिवाळीत तुमचा मुलगा आला होता. “दादा, बंगला रिकामाच आहे. बाबांच्या नावानं वर्ग चालवा. दुसरं कुणी नाही हो, त्यांचं नाव पुसलं जाईल.” मी म्हणालो, “पुसू द्या.” चहा अर्धा टाकून गेला.

प्रेसपाशी त्या दिवशी ‘आ’ आपोआप आला, आणि आवाज तुमचा होता, हे तुमच्या मुलाला सांगितलं नाही. हा कागदही त्याच्यापर्यंत जाणार नाही. खालचा मजला, पाटीवर तुमच्या नावाखाली माझं नाव, आणि महिना साठ हजार देत होता. नको म्हटलं.