सलगमच्या बांधावरचे दगड

बॉस्टन, ४ मार्च १८८६

चि. कॉर्मॅक यास, ताईचे आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. तुझी दाढ थांबली का दुखायची? नाहीतर लोहाराचा चिमटा लाव, मेल्या!

आता रागाचं. तुझी लेक नेसा टार्पीच्या नातवाशी लग्न करणार म्हणे! अरे, लाज कशी वाटत नाही? बटाटे कुजले त्या दुष्काळात तू पाळण्यात होतास, मी सहा वर्षांची. त्यांच्या शेतातला सलगम उपटला म्हणून टार्पीनं फावड्यानं बाबांचं डोकं फोडलं, माझ्या डोळ्यांदेखत. बाबा पडले त्या बांधावर आईनं पहिला दगड ठेवला. मग जाता-येता आपण सगळे टाकत गेलो. आणि ते निर्लज्ज टार्पीही त्याच ढिगावर दगड टाकायचे, आपल्याला खिजवायला! हे लग्न झालं तर ताई मेली समज.

लोभ असावा असं आज लिहवत नाही.
उना

मेयो, २ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि. दाढ गेली. टार्पीच्या नातवानंच पाडली! तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. भर जत्रेत त्याला काठीनं झोडपलं. त्याचा कान फाटला, माझा डावा हात मोडला. नेसा मध्ये पडली म्हणून, नाहीतर मुडदाच पडला असता.

दुसऱ्या दिवशी म्हातारा टार्पी दारात हजर. कोयता उगारला तरी हलेना. म्हणाला, मार, पण ऐकून मार. त्या दिवशी त्याची बायको सोर्खा शेत राखत होती. तिनं अडवलं, तर बाबांनी दगडानं तिचं डोकं ठेचलं. ते बघून त्यानं फावडं उचललं. दोघंही त्याच बांधावर गेली. म्हणे आपण आपल्या माणसासाठी दगड टाकतो, ते त्यांच्या. आई यातला चकार शब्द कधी बोलली नाही. थेरडा खोटं बोलतोय का गं? तू होतीस तिथं. खोटं असेल तर कोयता धार लावून ठेवलाय.

रागासकट लोभ असू दे.
तुझा कॉर्मॅक

बॉस्टन, २९ एप्रिल

चि. कॉर्मॅक यास आशीर्वाद. कोयता खाली ठेव.

लाल शालीतली एक बाई चिखलात पडली होती. भुकेनं पडली असेल, असंच मी आजवर धरून चालले. तेव्हा रस्तोरस्ती माणसं पडतच होती ना! बाबांनी धावत येऊन सलगम माझ्या हातात कोंबला. त्यावर रक्त होतं, कॉर्मॅक, आणि बाबांना अजून फावडं लागायचं होतं. मी तो तसाच खाल्ला.

नेसाला टार्पींकडे सुखानं पाठव. वरात बांधावरून जाईल तेव्हा माझ्या नावानं एक दगड टाक. सोर्खासाठी.

ताईवरची माया आटू देऊ नकोस.
उना