आंब्याखालचा उलटा सासरा

२३ ऑक्टो. १९६६, रविवार
देवळात रविवारची मिस्सा झाल्यावर फादरांनी थांबवलं. फि.शी (म्हणजे शेजारच्या माहीम गावची फिलोमिना) माझं लग्न ठरलंय, पण दोन्ही घरं परेरा, दोन्ही मूळची याच गावची. पटकीच्या साथीत गाव पांगलं, पोरकी मुलं मिळेल त्या नातेवाइकाकडे वाढली. आमचे आजोबा आणि फि.चे आजोबा त्यांतलेच. भाऊभाऊ होते का, सांगणारं कोणी उरलेलं नाही. "पणजोबा एकच निघाले तर बिशपांची परवानगी लागेल. शोध."
संध्याकाळी माहीमला गेलो. फि. हसली. तिचे वडील नाही हसले. "परवानगी मागून लगीन? गावभर बोभाटा. तसा असल तर लगीनच नाय." जेवलो नाही. बोंबील होते तरी.

२६ ऑक्टो.
बोईसरच्या ऑफिसातून (अणुप्रकल्पाचे नकाशे, तेच ते) लवकर सुटलो, तडक देवळात. दफनाच्या जुन्या नोंदी वाळवीने खाल्ल्यात. उरल्यात त्यात निम्मे पेद्रू परेरा. फादर म्हणतात, दगड बघ. हा माणूस पाद्री झाला नसता तर फौजदार झाला असता.

३० ऑक्टो., रविवार
आमच्या पणजोबांचा दगड लहानपणापासून ठाऊक आहे. देवळामागे, आंब्याखाली. बाकी सगळे देवळाकडे पाय करून निजलेत, हे एकटेच उलटे, डोकं देवळाकडे. आजी म्हणते, "माझा सासरा भारी हट्टी. मेल्यावर बी कोणाचा ऐकला नाय." सासऱ्याला तिने कधी पाहिलेलं नाही, तरी हट्टी हे नक्की.
कागद ठेवून वर कोळसा घासला, छाप घेतला. (कागद ऑफिसचा.) एक क्रूस. अक्षरं पार झिजलेली.

२ नोव्हें., मृतांचा दिवस
घात झाला. बाबांना रात्रपाळी, म्हणून यंदा सकाळीच मेणबत्त्या नि झेंडू घेऊन गेलो. आंब्याखाली फि.ची आजी आणि वडील आधीच बसलेले. ते दरवर्षी सकाळी यायचे, आम्ही संध्याकाळी. दगडावर आधीच मेण कसं, असा प्रश्न आमच्या घरात कधी कोणाला पडला नाही.
"हा माझा सासरा हाय," आमची आजी.
"बाय, माझा. हट्टी होता म्हणून उलटा निजवला."
दोन्ही घरांची गोष्टसुद्धा एकच. फि.चे वडील उठून गेले. मेणबत्ती लावली. रडू आलं, लिहून ठेवतो.

६ नोव्हें., रविवार
सुटलो!
वर्षभर झालं, फादर आमच्याकडे तोंड करून मिस्सा करतात. आजीला ते पटत नाही. आज देवळाबाहेर त्यांना धरलंच. "देवाकडं पाठ करून उभा रावतो, बरा दिसते का?" फादर म्हणाले, "आजी, आम्ही पाद्री मेल्यावरसुद्धा असेच. तुम्हाला पुरतात पाय वेदीकडे करून, आम्हाला डोकं वेदीकडे. शेवटच्या दिवशी उठलो की आपली माणसं समोर."
मी त्यांना हात धरून ओढतच आंब्याखाली नेलं. दगड पाहून ते इतके हसले की त्याच दगडावर बसले. दोन घरांनी इतकी वर्षं एका पाद्रीबुवाला फुलं वाहिली. आणि ब्रह्मचाऱ्याला सुना दोन!
माहीमला निरोप धाडला. दुपारी फि.ची आजी आली, दगडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चांगला सासरा होता. कधी काय बोलला नाय." दोघी म्हाताऱ्या पदरात तोंड घालून हसल्या.

१३ नोव्हें., रविवार
देवळात आमची नावं पहिल्यांदा वाचली. अजून दोन रविवार वाचतील. तोवर कोणी हरकत आणली नाही तर लग्न. फि.चे वडील मान खाली घालून, पण आले.
घोळ वेगळाच झालाय. दोघी आज्यांना आता आपापला खरा सासरा हवा आहे. आठवडाभर डबा घेऊन थडग्यांवरचं शेवाळ खरवडताहेत. मी मिस्सात मागितलं: देवा, सगळ्या मृतांना विश्रांती दे, आणि आमच्या पणजोबांना दोन रविवार सापडू देऊ नकोस. फि.ला सांगितलं तर म्हणाली, मीही तेच मागितलं.
बाहेर आलो तर कुंपणाकडून आजीची हाक. "पोरा, तुजा कोळसा आन. इथं नाव दिसते."
कोळसा खिशातच होता. म्हटलं, संपला.