खेकडामानवाचा दुसरा भाग

प्रिय शाल्मली,

मंगळवारी खेकडामानवाचा दुसरा भाग पाहिला. हो, तोच जपानी खेकडामानव. तू चौदा वर्षांची असताना पहिल्या भागाला मला ओढून नेलं होतंस. पाणीखात्यातला तो कारकून, बायकोने बाथरूमच्या मॅटमधून शिवून दिलेला त्याचा लाल पोशाख, आणि नांग्यांमुळे दाराची मूठच फिरवता येईना म्हणून बाहेर ताटकळलेला तो. तू इतकी हसलीस की पॉपकॉर्न पुढच्या बाईंच्या केसांत गेले. मी सोमवारच्या मीटिंगचा विचार करत होतो. "बाबा, हसा ना," म्हणालीस, तेही आठवतंय.

आता पोशाख चकचकीत झालाय, नांग्यांतून आग निघते, तो उडतोसुद्धा. खेकडा उडेल कसा, हे कुणी विचारत नाही. पहिल्या भागात त्याने सगळी मिळून एक सायकल आणि एक म्हातारी वाचवली होती, या वेळी अख्खं शहर वाचवतो. तुला पहिलाच आवडेल. मला खटकलं ते वेगळंच. या भागात त्याची बायको नाहीच. वारली, सोडून गेली, काही सांगत नाहीत. दोन तास मी तिची वाट बघत बसलो. हसू आलं नाही, कंटाळाही आला नाही. दिवे लागले तेव्हा कळलं, अंगातला कोट काढायचाच राहिला होता.

हॅरोच्या थिएटरात सकाळी अकराचा खेळ होता. आम्ही सात जण. बाहेर पडताना शेजारचे श्रीनिवासकाका दिसले. "काय पद्माकर, आज डे ऑफ?" मी म्हटलं, "हो, ॲन्युअल लीव्ह." "मग वहिनींना आणायचं की!" म्हणाले आणि बसकडे गेले.

लीव्ह नाही गं. नऊ आठवड्यांपूर्वी कंपनीने आमचा विभाग बंद केला. तुझ्या आईला सांगितलेलं नाही. रोज टाय लावून निघतो आणि सेंट्रल लंडनच्या ट्यूब ट्रेनऐवजी एजवेअरची बस पकडतो. लायब्ररी उघडेपर्यंत बाकावर बसतो. वाईटही वाटत नाही, हेच विचित्र. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही ना, तसं.

रविवारी काका जेवायला येणार आहेत, त्यांच्या तोंडून निघेलच. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चहा झाला की मीच तिला सांगणार आहे. तुझ्याशी हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून पत्र. शुक्रवारी साडेसातला फोन कर. मला नको, आईला कर. नोकरी गेल्याचं ती सोसेल. पण नऊ आठवडे ती साडेपाचला उठून माझा डबा करतेय, हे तिच्या लक्षात येईल तेव्हा माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी तिच्याशी बोलायला हवं.

तुझाच,
बाबा