कराचीची ओळ

तीर्थरूप आबा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षे होत आली. आजवर लिहिले नाही. सांगण्याजोगे काही नव्हते. मंगळवारी मात्र कराचीहून तुमच्या नावाचे पत्र आले.

वाडीतली विड्याची पाने वर्षानुवर्षे कराचीच्या युसूफभाईंच्या दुकानी जात. प्रत्येक करंडीत केळीच्या पानाखाली तुम्ही त्यांच्यासाठी एक सोनचाफा ठेवायचात. निर्यात कचेरीत नोकरी करणारा मी बजावायचो, बीजकात फुलाची नोंद नाही. तुम्ही नुसते हसायचात.

पुढे दोन देशांचे बिनसले आणि करंड्या थांबल्या. त्यांच्यासाठी राखलेली वेलींची ओळ तुम्ही मोडली नाहीत. सात शेजारी देशांची परिषद भरली की रेडिओ वाडीत न्यायचात. जकात-सवलतीच्या यादीत पान आले का, असे मला विचारायचात. मी नाही म्हणायचो. वर युरोपचा दाखला देऊन ऐकवायचो की असे संघ उभे राहायला पिढ्या जातात. तुम्ही एकदाच उत्तर दिलेत.

"सात घरांची आपली आळी. आपसात बोलणंच टाकलं, तर गावात आपलं कोण ऐकणार रे?"

त्याच दिवशी तुम्ही मला त्यांच्यासाठी पत्र लिहून घ्यायला सांगितलेत. ओळ जिवंत आहे, तुम्ही कसे आहात, इतकाच मजकूर. पत्ता: युसूफभाई पानवाले, कराची. दुकानाचा क्रमांक नाही, पेठ नाही. अपुऱ्या पत्त्याचे पत्र पोचत नाही, म्हणून मी ते टाकलेच नाही. तुम्हाला तसे सांगितलेही नाही. पोस्टमन दिसला की तुम्ही अंगण ओलांडून पुढे जायचात. आबा, एकदा तरी मला विचारायचे होतेत!

परवाचे पत्र युसूफभाईंच्या मुलीचे, गुजरातीतले. युसूफभाई गेल्या हिवाळ्यात गेले. शेवटपर्यंत म्हणत होते, "आगाशीवाल्यांनी ओळ मोडली असणार. नाहीतर कळवलं असतं."

हे वाक्य मी कोणत्या तोंडाने तुम्हाला सांगू?

पाकिटावर एवढेच होते: आबा पानवाले, आगाशी, वसई. पिनकोड नाही. पोस्टमनने ते सरळ आपल्या दारी आणून दिले.

आज तुमचे ते जुने पत्र, तुम्ही सांगितले तसेच, तिला पाठवतो आहे. न पाठवण्याचा दोष माझा, हेही लिहिले आहे. यादीत पान येईल तेव्हा येवो; ओळीला पाणी मी घालीन. आणि दर परिषदेला, तिथे काहीही ठरो, या घरातून एक पत्र कराचीला जाईल. सोबत सोनचाफा असेल, कुठेही नोंद न करता.

तुमचा अपराधी,
मनोहर