वाफेच्या यंत्रावरचा तक्ता

सोमवार, ९ मार्च, सायंकाळ

चि. खारूताईस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तुला हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात, सहा प्रशिक्षणार्थींच्या देखत, एप्रन काढून घरी जायला सांगितलं. वेळ मी तुझ्या बाबांना दोनदा विचारून घेतली. तक्रारीत वेळ चुकली की लोक बाकीचंही खोटं धरतात.

गुन्हा काय, तर आठवड्याच्या चाचणीची उत्तरं तू एआयकडून लिहून घेतलीस. घेतलीस ना? मग ते वाईटच, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण तो एआय तुमच्या टेबलावर बसवला कुणी? विभागाने. सोबत नियम काय दिला, तर भिंतीवर एक ओळ, 'जबाबदारीने वापरा'. जबाबदारीने म्हणजे कशासाठी वापरायचा, कशासाठी नाही, उत्तर कशाशी ताडून बघायचं, हे कोण सांगणार? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर हातावर पट्टी मारायच्या, पण नियम आधी फळ्यावर लिहायच्या.

तुमची प्रशिक्षणप्रमुख, मी नर्स असताना, माझ्याच वॉर्डात शिकली. दिवसाला चाळीस प्रश्न विचारायची, म्हणून तिला आम्ही 'शंका' म्हणायचो. तिला खरमरीत पत्र लिहिलं आहे, उद्या तुझे बाबा नेऊन देतील. तुला परत घ्यावं, अशी मागणी आहे. तू जेव. रडून नाक लाल करू नकोस, ते तुला मुळीच शोभत नाही.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे.
तुझी आत्या

*

बुधवार, ११ मार्च, सकाळी सात

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला सगळं ओरडून सांगावं लागतं, आणि हे शेजाऱ्यांना ऐकवण्यासारखं नाही. म्हणून बाबांबरोबर चिठ्ठी देते आहे. आधी बसून घे.

चाचणीचं सोड. गेल्या गुरुवारी मला हत्यारांचे कापडात गुंडाळलेले संच वाफेच्या यंत्रात लावायचे होते. किती मिनिटं ठेवायचे, ते आठवेना. प्रमुख बाईंना विचारायला गेले, तर त्या फाइलीतून मान वर न करता म्हणाल्या, "मला विचारू नका, त्याला विचारा. त्यासाठीच बसवलंय." मी एआयला विचारलं, एकशे एकवीस अंशांवर हत्यारं किती वेळ? त्याने पंधरा मिनिटं सांगितली. संच गुंडाळलेले आहेत, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. पुन्हा कुणाला विचारावं लागू नये, म्हणून छान अक्षरात तक्ता लिहिला आणि यंत्राच्या दाराला चिकटवला. सगळ्यांनी कौतुक केलं. तेव्हापासून संध्याकाळचे संच सगळे प्रशिक्षणार्थी तोच तक्ता बघून लावतात.

काल संध्याकाळी, परत घेतलंच तर तयारी असावी म्हणून, यंत्राची छापील पुस्तिका उघडली. पंधरा मिनिटं उघड्या हत्यारांना आहेत. गुंडाळलेल्यांना तीस. आत्या, संचावरच्या तपासणीच्या पट्टीचा रंग पंधरा मिनिटांतही बदलतो, त्यामुळे कुणाला शंकाही येणार नाही.

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर मला कधीच परत घेणार नाहीत, आणि तुझ्या पत्राचीही नाचक्की होईल. तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. काय करू, ते सांग.

माझ्यावर माया ठेव, एवढं मागायलाही आज तोंड नाही.
तुझी खार

*

बुधवार, ११ मार्च, सकाळी सव्वाआठ

चि. खारूस,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते वाचत बसू नकोस. तुझे बाबा दारात खोळंबले आहेत.

त्यांना समोर बसवून विभागात फोन लावायला लावला. पलीकडची बाई म्हणाली की प्रमुख मीटिंगमध्ये आहेत, तुमची मुलगी आता आमच्याकडे नाही, आणि काही तक्रार असेल तर लेखी द्या. तुझ्या बाबांनी हातापाया पडल्यासारखं सांगितलं की फक्त दारावरचा तो कागद काढा. तिने फोन ठेवला.

चूक एआयच्या गळ्यात बांधू नकोस. तू अर्धा प्रश्न विचारलास, त्याने त्याचं ठणठणीत उत्तर दिलं, आणि पुस्तिका हाताशी असून तू ती उघडली नाहीस. ही शिकणाऱ्याची चूक झाली, ती माफ होते. काल संध्याकाळपासून तू गप्प बसलीस, ती मात्र शिकणाऱ्याची नाही. माझ्या पत्राची नाचक्की होऊ दे. त्या संचांनी आज कुणाचं तरी पोट शिवतील.

पुस्तिका घे, चाचणीचे कागद घे, आणि साडेनऊला विभागाबाहेरच्या बाकावर ये. मी रिक्षा करून निघते आहे. तीन जिने उतरायला मला अर्धा तास लागेल, तेवढ्यात तू आवर.

रागावले आहे. तरी तुझीच,
आत्या

*

बुधवार, ११ मार्च, सकाळी साडेदहा
निर्जंतुकीकरण विभागाबाहेरचा बाक

चि. शंकास,
आशीर्वाद.

तुझ्या विभागाने फोनवर लेखी मागितलं, हे घे. परवाच्या पत्रातली मागणी मी मागे घेते. माझ्या भाचीला परत घ्यावं, असं मी आता म्हणत नाही. ती माझ्या शेजारी पुस्तिका घेऊन बसली आहे आणि विचारशील ते सांगायला तयार आहे. तुझा शिपाई आम्हाला आत सोडत नाही.

तुझ्या यंत्राच्या दारावर तिच्या अक्षरातला तक्ता आहे. त्यात गुंडाळलेल्या संचांना तीसऐवजी पंधरा मिनिटं लिहिली आहेत. गुरुवारपासून काल संध्याकाळपर्यंत, सहा दिवस, रोज संध्याकाळी दोन खेपा. पुस्तिकेच्या त्या पानाची नक्कल सोबत जोडली आहे. पट्टीच्या रंगावर विसंबू नकोस. ती फक्त संच तापल्याचं सांगते, निर्जंतुक झाल्याचं नाही. हे तुला मीच शिकवलं होतं, तुझ्या चाळीस प्रश्नांतल्या एखाद्याला उत्तर देताना. मी वैतागायचे, पण 'त्याला विचारा' म्हणून तुला कधी टाळलं नाही.

तक्ता तिने लिहिला. तो सहा दिवस दारावर राहिला आणि जाणत्या एकाही माणसाने वाचून पाहिला नाही, हे तुझं. पोरीचं तिने कबूल केलं आहे. तुझं तू लिहून दे.

तुमच्या दुपारच्या शस्त्रक्रिया एक वाजता सुरू होतात. त्यातल्या पहिल्या रुग्णाचं नाव मला माहीत नाही आणि मला ते नकोही आहे. त्याच्यासाठीचा संच आत्ता तुमच्या कपाटात आहे. मी इथून काचेतून त्या कपाटाचं दार बघते आहे, शंका, आणि आत्ताच एक बाई त्यातून दोन संच घेऊन गेली.

तक्ता निघाला का, कपाटातले संच परत यंत्रात गेले का, वापरलेले संच कुणाकुणाला लागले आणि त्यांच्या डॉक्टरांना कळवलं का, याचं सहीनिशी लेखी उत्तर मला आज दुपारी बाराच्या आत, याच बाकावर हवं आहे.

तुझी जुनी सिस्टर